विहिरीवरचा राबता

ठाण्याला तलावांचे गाव म्हणण्याची प्रथा पडली आहे, आणि मासुंदा, सिद्धेश्वर, कचराळी या जलाशयांकडे पाहता ती अयथार्थही नाही. परंतु स्वयंपाकघरातल्या हंड्याकळशीत जे पाणी यायचे ते परसातल्या किंवा आळीतल्या विहिरीचे, ही गोष्ट नळावर वाढलेल्या पिढीला आता मुद्दाम सांगावी लागते. चरई, खारकर आळी, नौपाडा या भागांतील वाड्यांतून, कल्याणला पारनाका आणि टिळक चौक यांच्या आसपासच्या जुन्या घरांतून, डोंबिवलीच्या पहिल्यावहिल्या चाळींच्या आवारांतून आणि आयरे, भोपर, नांदिवली यांसारख्या मूळच्या आगरी गावांतून विहीर ही चुलीइतकीच घराची अपरिहार्य गरज समजली जात असे. पुढे उल्हास नदीचे पाणी मोहिली, बारावे, नेतिवली येथे शुद्ध होऊन नळाने घरोघर खेळू लागले, ठाण्यास भातसेचे पाणी मिळू लागले, आणि विहिरींवरचा राबता हळूहळू उठला. काही बुजवल्या गेल्या, काहींच्या डोक्यावर जिने आणि गाळे उभे राहिले, पुष्कळशा नुसत्याच पडून राहिल्या. उन्हाळ्यात पाणीकपात जाहीर झाली आणि टँकरच्या पावत्या जमू लागल्या, की गृहनिर्माण संस्थेच्या सभेत या विस्मृत विहिरीचे स्मरण होते आणि 'विहीर साफ करून घ्यावी' असा ठराव एकमताने संमत होतो. हा ठराव अमलात आणताना काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम या पाण्याचे कुलशील पाहणे अवश्य आहे. येथील जमिनीखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक पसरलेले आहेत. वर माती, मातीखाली मुरूम, मुरुमाखाली झिजलेला व भेगाळलेला खडक आणि त्याखाली काळा पाषाण, असा साधारण क्रम असतो. काळ्या पाषाणात भेगा वगळल्या तर पाण्याला थारा नाही. सच्छिद्र खडकात, ज्यास विहिरींच्या कामातले लोक मांजऱ्या म्हणतात, तो मुरला-भेगाळला असेल तर पाणी साठते व हिंडते-फिरते. आणि दोन थरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्यावर अडून ते विहिरीच्या भिंतीतून झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या या मुलखात श्रावणात हात घालून पाणी घ्यावे इतकी भरलेली विहीर वैशाखात तळाचा खडक दाखवू लागते, याचे कारण खडकाची साठवणशक्तीच तोकडी आहे. यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा, की आपल्या परसातील उथळ विहिरीचे पाणी हे कुठल्या दूरच्या पाताळगंगेचे नसून गेल्याच पावसाळ्याचे, शेजारच्याच दोन-चार आवारांतील जमिनीतून झिरपून आलेले पाणी असते. त्या आवारांत जे सांडते, मुरते आणि कुजते त्याचा अंश विहिरीत उतरण्यास फार काळ लागत नाही.

विहीर स्वच्छ कशाने राहते, या प्रश्नाचे बहुतेकांच्या मनातील उत्तर 'गाळ काढल्याने' असे असते. हे उत्तर अपुरे आहे. ज्या विहिरीवर पहाटेपासून कप्पी करकरते, ज्या विहिरीतून दिवसाकाठी शंभर-दोनशे कळशा पाणी निघते, त्या विहिरीत तितकेच ताजे पाणी झऱ्यांतून आत येते. साचलेले निघून जाते, पोहऱ्याच्या आपटण्याने पृष्ठभाग हलत राहतो आणि हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो. याखेरीज ज्याची मोजदाद करता येत नाही असा आणखी एक लाभ असतो, तो डोळ्यांचा. पाणी भरणाऱ्या बायकांच्या नजरेतून मेलेला पारवा किंवा भिंतीतून फुटलेला पिंपळाचा कोंब सुटत नसे, आणि पाण्याची चव किंचित बदलली तरी त्याच दिवशी दुपारी आळीत बोभाटा होत असे. राबता उठला की हे सारे एकदम थांबते. पाला पडतो तो तळाशी बसतो, कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतो, आणि काही वर्षांत स्फटिकासारखे पाणी देणारी विहीर काळ्या, दुर्गंधियुक्त चिखलाचा खड्डा होऊन बसते. म्हणून जी संस्था वर्षातून एकदा मोठा खर्च करून विहीर उपसते आणि उरलेले अकरा महिने तिला हात लावीत नाही, तिच्यापेक्षा विहिरीचे पाणी बागेला, गाड्या धुण्यास आणि शौचालयांच्या टाक्यांना रोज वापरणारी संस्था पुष्कळ शहाणी समजावी.

राबत्याविषयी लिहिताना तो कोणाचा, हेही सांगितले पाहिजे. आपल्या गावोगावच्या सार्वजनिक विहिरी सार्वजनिक पैशाने खोदल्या व दुरुस्त केल्या जात असूनही गावातील एका वर्गास तेथे दोर टाकण्याची मुभा नव्हती. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडून ऑगस्ट १९२३ मध्ये संमत करून घेतला; परंतु ठरावाचा अंमल व्हावा म्हणून मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. जुन्या पाणवठ्यांची गोडी गाताना हा खारटपणा गाळून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

विहीर नासते ती बहुधा तोंडाकडून. कठडा पडलेला, सभोवारचा ओटा भेगाळलेला आणि सांडलेले पाणी वाहून नेणारी मोरी तुंबलेली, अशी स्थिती असेल तर धुण्याभांड्याचे पाणी ओट्यावरून पुन्हा विहिरीतच जाते. आरोग्यशास्त्राने निर्दोष विहिरीचे जे लक्षण बांधले आहे त्यात कठडा जमिनीपासून सुमारे ७० ते ७५ सेंटिमीटर उंच, भोवतालचा सिमेंटचा ओटा चहूबाजूंनी निदान एक मीटर रुंद व बाहेरच्या अंगास उतरता, त्याच्या कडेने पक्की मोरी, वरच्या सहा मीटरांपर्यंत भिंतीचे बांधकाम पाणी न झिरपणारे, आणि शौचकूप, उकिरडा किंवा गटार यांपासून किमान १५ मीटरांचे अंतर, या गोष्टी येतात. यांतली शेवटची अट आपल्या शहरांत पाळणे जवळजवळ अशक्य झाले आहे. जेथे दोन इमारतींत हातभर अंतर नाही तेथे विहीर आणि मैलाटाकी यांत पंधरा मीटर कोठून आणावेत? म्हणून या टापूतील दाट वस्तीच्या विहिरीचे पाणी, तपासून घेतल्यावाचून, पिण्यास योग्य मानूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. वापरायचे पाणी म्हणून तिचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

पायऱ्यांच्या विहिरींचा विषय येथेच संपवतो. बारवेची वास्तू कितीही देखणी असो, पाण्यात पाय बुडवून पाणी भरण्याची सोय हीच तिची उणीव होती. नारू झालेल्या माणसाने पायरीवरून पाण्यात पाय ठेवला की जखमेतून कृमीची पिल्ले पाण्यात सुटत, सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलचराच्या पोटात वाढत आणि पिणाऱ्याच्या देहात शिरत; वर्षभराने हातभर लांबीचा दोरा त्याच्या पायातून बाहेर पडू लागे. पायऱ्या बंद करून कठडा बांधणे आणि पाणी गाळून पिणे एवढ्या साध्या उपायांच्या बळावर हा रोग हटत गेला. १९९६ नंतर देशात नवा रोगी आढळला नाही आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला.

विहिरीत वरून पडणाऱ्या वस्तूंत पाल्यानंतर क्रमांक लागतो तो निर्माल्याचा आणि मूर्तींचा. परसातल्या विहिरीत गणपती विसर्जन करण्याची चाल या भागात आहे. शाडूची लहान मूर्ती विरघळून तिचा गाळ तरी होतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती तळाशी तशीच बसून राहते, तिचा रंग पाण्यात उतरतो आणि तळाचे झरे दबतात. श्रद्धा अबाधित ठेवून मूर्ती घंगाळात किंवा पिंपात विसर्जित करणे आणि ते पाणी झाडांना घालणे यात कोणताही अधर्म नाही. भिंतीत उगवणाऱ्या पिंपळ, वड आणि उंबर यांबाबतही असाच संकोच आड येतो. बोटाएवढे रोप उपटण्यास मन धजत नाही. पाच वर्षांनी त्याची मुळे चिऱ्यांच्या सांध्यांत शिरून चिरे बाहेर ढकलतात, आणि मग पिंपळ तोडावा तर भिंत ढासळते, ठेवावा तरीही ढासळते. रोप कोवळे असताना मुळासकट काढून भोकात चुना किंवा सिमेंट भरणे हा एकच मार्ग आहे. पाणी शुद्ध राहावे म्हणून विहिरीत कासव सोडण्याची जुनी समजूत मात्र आता सोडून द्यावी. आपल्याकडील गोड्या पाण्यातील कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, आणि ती पाळणे हा गुन्हा आहे.

डासांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. शहरी हिवतापाचा वाहक ॲनॉफिलिस स्टीफेन्साय हा डास स्वच्छ, संथ पाणी पसंत करतो, आणि विहीर हे त्याचे आवडते प्रसूतिगृह होय. मुंबईतील हिवतापाची चौकशी करून डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली जो अहवाल सादर केला त्यात घरोघरच्या विहिरींवर ठपका होता. त्यानंतर विहिरी बंद करण्याचा किंवा झाकण्याचा सपाटा सुरू झाला आणि धर्मकृत्यांसाठी विहिरीचे पाणी लागणाऱ्या पारशी व हिंदू कुटुंबांनी त्यास विरोध केला. आज विहीर बुजवण्याची आवश्यकता नाही. बारीक जाळी ताणून बसवलेली लोखंडी चौकट, तीत पोहरा किंवा नळी जाण्यापुरते झाकणाचे दार, आणि पाण्यात गप्पी मासे एवढ्याने काम भागते. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात आणि पालिकेच्या हिवताप विभागाकडून ते मिळू शकतात. मात्र पुढे सांगितलेली औषधाची मोठी मात्रा विहिरीत घालण्यापूर्वी ते काढून पिंपात ठेवावेत, नाहीतर सकाळी सगळे पाण्यावर तरंगताना दिसतील. चौकटीने पारवेही अडतात. विहिरीच्या भिंतीतील खोबणी हे पारव्यांचे पिढीजात वतन आहे आणि त्यांची विष्ठा, पिसे व अंडी यांनी पाणी किती बिघडते हे विहीर उपसताना प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कळत नाही.

आता उपशाकडे वळू. काळ निवडावा तो वैशाखाचा, अक्षय्य तृतीयेपासून मृग लागेपर्यंतचा, कारण त्या वेळी पाणी किमान असते आणि भिंतीमागील जमीनही बऱ्यापैकी सुकलेली असते. भर पावसाळ्यात किंवा पाऊस ओसरताच विहीर कोरडी करणे धोक्याचे आहे. भिंतीमागच्या चिंब मातीचा दाब आतील पाण्याच्या दाबाने तोलला गेलेला असतो. शक्तिमान पंप लावून दोन तासांत पाणी काढले की तो तोल जातो आणि जुनी, चुन्यातली किंवा कोरडी बांधणी आत कोसळते. म्हणून वैशाखातही उपसा सावकाश करावा, दर तीन-चार फुटांनी थांबून भिंत पाहावी, आणि चिरे सुटलेले, फुगलेले किंवा भिजकी माती गळत असलेली दिसली तर पुढे जाऊ नये.

गाळ काढताना तळाचा निकष ध्यानात ठेवावा लागतो. वरचा काळा, मऊ, कुजका थर निघाला पाहिजे. त्याखाली खडे, वाळू किंवा मुरूम लागला की थांबायचे असते, कारण तो थर म्हणजे विहिरीची गाळणी आहे. हौसेने तो खरवडून काढणारे आणि त्याहून पुढे जाऊन तळाला काँक्रीटचा गिलावा करणारे लोक मी पाहिले आहेत. लादी बसवल्यासारखा गुळगुळीत तळ पाहून त्यांना समाधान वाटते आणि पुढच्या उन्हाळ्यात झरा कोठे गेला, म्हणून ते पाणाड्यास बोलावतात. झऱ्यांची तोंडे तारेच्या ब्रशने हळुवार मोकळी करावीत, भिंतीवरचे शेवाळ घासावे, आणि खालच्या भागातील पाणी येण्यासाठी मुद्दाम मोकळे सोडलेले सांधे सिमेंटने लिंपू नयेत. वरच्या सहा मीटरांत मात्र सांधा उघडा दिसला की बुजवलाच पाहिजे. निघालेला गाळ माडाच्या मुळाशी टाकण्याची रीत चांगली आहे. कारखान्यांच्या किंवा गटारांच्या शेजारच्या विहिरीचा गाळ मात्र झाडांनाही घालू नये.

हे सारे काम माणूस आत उतरवून करायचे, आणि म्हणून या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. १ नोव्हेंबर २०१८ रोजी, गुरुवारी, कल्याण पूर्वेत नेतिवली भागात एका विहिरीत साफसफाईसाठी एक मनुष्य उतरला आणि वर आला नाही. त्यास काढण्यासाठी पाठोपाठ दोघे उतरले. तेही आले नाहीत. अग्निशमन दलास वर्दी गेली, आणि सुटकेसाठी उतरलेले त्या दलाचे दोन कर्मचारीही आतच राहिले. एका विहिरीत, एका दुपारी, पाच जीव गेले. बुडून नव्हे, तर गाळातून निघालेल्या विषारी वायूने गुदमरून. ठाणे-कल्याणातील ज्या कोणाच्या दारात विहीर आहे त्याने ही घटना कायमची ध्यानात ठेवावी.

असे का होते, ते समजून घेऊ. आपण श्वसनात घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. बंदिस्त, वारा न लागणाऱ्या विहिरीत कुजणारा पाला तो खात राहतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो आणि कठड्यावर उभ्या असलेल्या माणसास त्याचा मागमूसही लागत नाही. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली गेला की ती जागा धोक्याची मानतात. तो सहा टक्क्यांच्या खाली असेल तर चार-दोन श्वासांत माणूस उभ्या उभ्या कोसळतो, ओरडण्यासही त्यास सवड मिळत नाही. सांडपाणी मिसळलेल्या गाळात याहून भयंकर असा हायड्रोजन सल्फाइड हा वायू कोंडलेला असतो. कुजक्या अंड्यांसारखी त्याची दुर्गंधी सर्वांच्या परिचयाची आहे, परंतु त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे शंभरापर्यंत गेले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. दुर्गंधी नाहीशी झाली म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि त्याच क्षणी खरे संकट सुरू झालेले असते. हा वायू चिखलात दबून असतो आणि फावड्याचा पहिला घाव पडताच उसळून वर येतो. यामुळे उतरण्यापूर्वी हवा निर्दोष होती, एवढ्यावर विसंबता येत नाही.

आपले पूर्वज दोराला कंदील बांधून आत सोडीत. कंदील विझला तर उतरू नये हा संकेत बरोबरच होता, कारण प्राणवायू सोळा टक्क्यांच्या सुमारास आला की ज्योत विझते. परंतु कंदील जळत राहिला म्हणून उतरण्यास हरकत नाही, असा उलट अर्थ काढणे प्राणघातक आहे. हायड्रोजन सल्फाइड माणसास मारण्याइतका असला तरी ज्योतीला त्याचे काही वाटत नाही. आणि विहिरीत मिथेन किंवा शेजारून झिरपलेल्या पेट्रोलची वाफ असेल तर कंदीलच स्फोट घडवील. पाल्याचा डहाळा दोराला बांधून खालीवर करणे, वरून बादल्यांनी पाणी ओतून हवा ढवळणे हे जुने उपायही निराधार नव्हते. पण ज्या काळी विहिरी वापरात होत्या आणि तळाशी हातभर मैला नव्हता, त्या काळाचे ते उपाय आहेत.

आज चार वायू मोजणारे हातात मावणारे यंत्र सहज मिळते. ते दोराने तळापर्यंत सोडून, मध्ये दोन ठिकाणी थांबवून, वाचन घ्यावे आणि काम चालू असेतो ते उतरलेल्या माणसाच्या छातीशी चालू ठेवावे. रुंद नळी तळापर्यंत नेऊन वरच्या पंख्याने ताजी हवा अखंड आत सोडावी. उतरणाऱ्याच्या अंगावर खांदे, छाती आणि मांड्या यांना आवळणारा पट्टा असावा आणि त्याचा दोर वर तिकाटण्यावरील कप्पीत असावा, म्हणजे तो बेशुद्ध पडला तरी वरच्यांना, कोणीही आत न उतरता, त्यास ओढून घेता येईल. नुसता कमरेला बांधलेला दोर या कामी उपयोगाचा नाही. वर निदान दोघांनी सतत उभे राहावे, आणि खालचा माणूस बोलेनासा झाला तर त्याला ओढावे, १०१ क्रमांकावर वर्दी द्यावी, पण त्याच्यामागे उतरू नये. हे लिहायला सोपे आणि पाळायला फार कठीण आहे, कारण खाली पडलेला बहुधा भाऊ, मुलगा किंवा सोबतीचा मजूर असतो. नेतिवलीस दुसरा आणि तिसरा माणूस माणुसकीपोटीच उतरला असेल. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवू नये, कठड्यालगतही ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. विजेचा बुडीत पंप असेल तर मुख्य बटण बंद करून, फ्यूज काढून खिशात घातल्यावरच माणसाने पाण्यात पाय ठेवावा.

या व्यवस्थेस पैसा लागतो, आणि संस्थेच्या सभेत नेमका येथेच घोटाळा होतो. तीन दरपत्रके मागवली जातात, सर्वांत कमी रकमेच्या मक्तेदारास काम उक्ते दिले जाते, आणि त्या रकमेत यंत्र, पंखा, पट्टा यांपैकी काहीच बसत नसल्यामुळे मक्तेदार नाक्यावरून दोन मजूर आणून, कमरेला सुती दोर बांधून, त्यांना आत सोडतो. कागदोपत्री हयगय कोणाचीच नसते. सभेच्या ठरावातच या साधनांचा नामनिर्देश करावा आणि ती नसतील तर काम तहकूब ठेवावे. जी विहीर कित्येक वर्षे झाकलेली व गटाराशेजारची आहे तिच्यात तर माणूस उतरवूच नये. गाळ उपसणारा पंप आणि वरून चालणारी यंत्रे यांवरच भिस्त ठेवावी.

गाळ निघाला, भिंती धुतल्या आणि ते धुण्याचे पाणीही उपसून टाकले, की विहीर पुन्हा भरू द्यावी आणि निर्जंतुक करावी. गावोगाव जिला टीसीएल म्हणतात ती ब्लिचिंग पावडर याकामी वापरतात. पाण्याचे आकारमान काढण्यासाठी विहिरीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणावे आणि चाराने भागावे. मापे मीटरमध्ये असतील तर उत्तरास हजाराने गुणले की लिटर मिळतात. तीन मीटर व्यासाच्या व पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत याप्रमाणे सुमारे ३५,३०० लिटर पाणी भरते. रोजच्या शुद्धीकरणास हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते, म्हणजे या विहिरीस ८८ ग्रॅम. परंतु साफसफाईनंतरची पहिली मात्रा मोठी हवी; लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरले आणि पावडरीत २५ टक्के क्लोरीन आहे असे मानले, तर सात किलो पावडर लागेल. ती १२ ते २४ तास राहू देऊन नंतर क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकावे. त्या पाण्याचा वापर कशालाही करू नये. पावडर जुनी, ओलसर किंवा उघड्या पोत्यातील असेल तर तिच्यात चुन्याखेरीज फारसे काही उरलेले नसते.

पावडर घालण्याचीही एक रीत आहे. पोते विहिरीवर झटकणे ही ती रीत नव्हे. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडरीची पातळ लापशी करावी, एका बादलीत शंभर ग्रॅमहून अधिक घेऊ नये, बादली पाऊण भरून ढवळावी आणि पाच-दहा मिनिटे निवळू द्यावी. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून घ्यावे आणि चुना टाकून द्यावा, कारण तो विहिरीत गेला तर पाणी जड होते. निवळ पाण्याची बादली दोराने पाण्याखाली सोडून खालीवर व गोल फिरवावी. दैनंदिन मात्रा रात्री, भरणे आटोपल्यावर द्यावी आणि निदान तासभर पाण्यास हात लावू नये. पाण्यात औषध उतरले की नाही हे ऑर्थोटोलिडिनच्या थेंबाने पिवळा रंग येतो त्यावरून कळते. ग्रामपंचायतींतून ही परीक्षा 'ओटी' या नावाने सर्वांना ठाऊक आहे. पूर येऊन गेल्यावर, विशेषतः उल्हासकाठच्या वस्त्यांतून, हा सारा विधी पुन्हा करावा लागतो; २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर बुडालेल्या विहिरींत काय काय मिसळले असेल याची कल्पनाच करवत नाही.

क्लोरीन जंतू मारते, रसायने मारीत नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास पाण्यास रंग, तवंग किंवा औषधासारखा वास असेल तर कोणत्याही पावडरीने, उकळण्याने वा तुरटीने ते पाणी सुधारणार नाही. ते अंगासही लावू नये. मैलाटाकीच्या सान्निध्याने पाण्यात वाढणारा नायट्रेटही उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यास तो लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच क्षम्य आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्यावा. जंतूंसाठीचा नमुना त्यांनीच दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्यावा, सरबताच्या धुतलेल्या बाटलीत नव्हे.

खाडीकाठच्या विहिरींचे शास्त्र थोडे निराळे आहे. कोलशेत, बाळकुम, कळवा, कल्याणचे रेतीबंदर, डोंबिवलीचे मोठागाव या बाजूंस गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक मीटर उंच असेल तर ते सुमारे चाळीस मीटरांपर्यंत खाऱ्यास खाली दाबून धरते, असा सिद्धांत घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे मांडला. तो वाळूच्या किनाऱ्यांचा आहे, भेगाळ खडकास जसाच्या तसा लागू पडत नाही; तरी वर एक हात उपसा केला तर खालून खारे पाणी कितीतरी हात वर सरकते, ही दिशा खरी आहे. अशा विहिरीला मोठा पंप लावून टँकर भरणाऱ्यांनी आपलीच नव्हे तर साऱ्या आळीची विहीर खारी केलेली असते. शेजारच्या वसईतील वाडीवाल्यांनी बावखले, म्हणजे वाड्यांतील लहान तळी, राखून पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरत ठेवले, त्यामागे हेच ज्ञान होते, मग त्यास नाव काहीही असो. गच्चीवरचे पाणी गाळणीतून विहिरीत सोडण्याची योजना आपल्या संस्थांतूनही करता येते. पहिल्या दोन पावसांचे पाणी मात्र गच्ची धुतली जाईपर्यंत बाहेर सोडून द्यावे.

शेवटी हक्काविषयी. जुन्या वाड्यांच्या वाटपपत्रांत 'विहिरीत निमे हिस्सा' किंवा 'पाणी भरण्याची वहिवाट पूर्ववत' अशी वाक्ये आढळतात. दुसऱ्याच्या विहिरीवर वीस वर्षे उघडपणे, अडथळ्यावाचून आणि हक्क म्हणून पाणी भरणाऱ्यास १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने वहिवाटीचा अधिकार मिळू शकतो. तेव्हा पुनर्विकासाचा करारनामा करताना मालमत्ता पत्रकाबरोबर ही जुनी कागदपत्रेही दफ्तरातून काढून पाहावीत. विहीर ठेवायची असेल तर नकाशात तिची जागा राखून घ्यावी. बुजवायचीच असेल तर ती निर्जंतुक करून, पाण्याच्या पातळीपर्यंत धुतलेली खडी व वाळू आणि त्यावर घट्ट चोपलेली चिकणमाती भरावी. बहुतेक ठिकाणी मात्र पाडलेल्या इमारतीचा राडारोडा तीत ढकलून वर काँक्रीट ओततात. झरे त्याने मरत नाहीत. जुलै संपता संपता तेच पाणी नव्या इमारतीच्या तळघरातील वाहनतळात पाझरू लागते, पंप बसवून ते रात्रंदिवस गटारात सोडले जाते, आणि त्याच फाटकातून एप्रिलमध्ये टँकर आत येतो.